एक प्रिंटर, चार-पाच कॉम्प्युटर: छोट्या ऑफिसात प्रिंटर शेअर कसा करायचा

कामाला लागण्याआधी प्रिंटर फिरवा आणि त्याच्या पाठीमागे काय आहे ते बघा. पॉवरची केबल आणि चौकोनी यूएसबीची खाच एवढंच असेल तर तो फक्त यूएसबी प्रिंटर. टेलिफोनच्या सॉकेटसारखी पण जरा रुंद खाच असेल तर त्याला लॅन केबल, म्हणजे राऊटरपर्यंत जाणारी नेटवर्कची केबल, लागते, आणि पुढच्या पॅनलवर वायफायचं बटण असेल तर तो राऊटरशी थेट बोलतो. आपल्याकडच्या छोट्या ऑफिसांत अजूनही भरपूर दिसणारे एचपी लेसरजेट १०२०, एचपी एम१००५, कॅनन एलबीपी २९०० आणि एप्सन एल३११० हे सगळे फक्त यूएसबीवाले. एप्सनच्याच एल३१५० आणि एल३२५० यांना वायफाय आहे. ब्रदर डीसीपी-एल२५४१डीडब्ल्यूला लॅन आणि वायफाय दोन्ही आहे.

हे आधी बघायचं कारण असं की लॅन किंवा वायफाय असलेला प्रिंटर विंडोजमधून 'शेअर' करायची गरजच नसते. तो स्वतंत्रपणे नेटवर्कवर ठेवायचा आणि प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळा जोडायचा. तरी अनेक ऑफिसांत वायफायचा प्रिंटर यूएसबीने एका कॉम्प्युटरला लावून मग तिथून शेअर केलेला दिसतो. म्हणजे तो एक कॉम्प्युटर बंद झाला की सगळ्यांचं प्रिंटिंग बंद. पैसे मोजून घेतलेली सोय वापरायचीच नाही, असला हा प्रकार.

एक सूचना: या लेखात कॉम्प्युटरची आणि शेअरची नावं, तसंच मेनूतले शब्द देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना ते इंग्रजी अक्षरांत आणि आकडेही इंग्रजीच घ्यायचे. मेनू विंडोज ११ चे आहेत. विंडोज १० मध्ये जागा थोड्या वेगळ्या, शब्द बहुतेक तेच.

प्रिंटरला स्वतःचं नेटवर्क असेल तर

प्रिंटरला लॅन केबल लावता येत असेल तर केबलच लावा. कॅट ६ केबल शंभर मीटरपर्यंत चालते, ऑफिसात तेवढं अंतर नसतंच. वायफायच वापरायचं असेल तर बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात हे ध्यानात ठेवा. राऊटरवर ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला वेगळं नाव असेल तर प्रिंटरच्या यादीत ते दिसणारच नाही. पाहुण्यांसाठी केलेल्या गेस्ट वायफायवरही प्रिंटर ठेवू नका. तिथली उपकरणं बहुधा एकमेकांना दिसत नाहीत.

पुढचं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेक जण नेमकं तेच सोडतात: प्रिंटरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा आकडी पत्ता, पक्का करणं. राऊटर हे पत्ते तात्पुरते वाटतो. वीज गेली, राऊटर पुन्हा चालू झाला, की काल १९२.१६८.१.५ असलेला प्रिंटर आज १९२.१६८.१.९ होऊ शकतो. कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर प्रिंट पाठवत बसतो आणि स्क्रीनवर 'ऑफलाइन' दिसतं. इलाज राऊटरमध्ये आहे. ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता टाका. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरच्या राऊटरवर १९२.१६८.२९.१. आत डीएचसीपीच्या (पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) पानावर 'रिझर्व्हेशन' किंवा 'स्टॅटिक लीज' असा भाग सापडेल. तिथे प्रिंटरचा मॅक पत्ता (कारखान्यातच ठरलेला त्याचा क्रमांक) आणि हवा तो आयपी लिहून सेव्ह करा. मॅक पत्ता प्रिंटरच्या कॉन्फिगरेशन पानावर छापून येतो. ते पान प्रिंटरच्या मेनूतून किंवा पुढचं एखादं बटण काही सेकंद दाबून धरलं की निघतं. कोणतं बटण, ते मॉडेलप्रमाणे बदलतं. नंतर प्रिंटर एकदा बंद-चालू करा, म्हणजे तो नवा पत्ता घेईल.

आता प्रत्येक कॉम्प्युटरवर आधी कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर (कॉम्प्युटरला तो प्रिंटर वापरता यावा म्हणून असलेला प्रोग्रॅम) उतरवून टाका. मग सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, अ‍ॅड डिव्हाइस. थोडं थांबलं की 'अ‍ॅड मॅन्युअली' असा पर्याय उमटतो, तो घ्या आणि आयपी पत्त्याने जोडायचा पर्याय निवडा. डिव्हाइस टाइप 'ऑटोडिटेक्ट'वर ठेवू नका, 'टीसीपी/आयपी डिव्हाइस' करा आणि पत्ता लिहा. विंडोजला स्वतः शोधायला सांगितलं की ते अनेकदा डब्ल्यूएसडी नावाचं पोर्ट (प्रिंटरकडे डेटा जायची वाट) बनवतं. पहिल्या दिवशी ते छान चालतं, पुढे कधीतरी प्रिंटर समोर चालू असतानाही ऑफलाइन दाखवू लागतं. टीसीपी/आयपी पोर्ट प्रिंटरच्या ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर सरळ डेटा ढकलतं, त्यात बिघडण्यासारखं फार नसतं. एवढं करूनही ऑफलाइन दिसत असेल आणि पिंग केल्यावर (कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग आणि पुढे प्रिंटरचा पत्ता टाइप केल्यावर) प्रिंटर उत्तर देत असेल, तर प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, कॉन्फिगर पोर्ट इथे जाऊन 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड'ची खूण काढा.

यूएसबी प्रिंटर: होस्ट कोणाला करायचं

खरी कसरत इथे आहे. यूएसबी प्रिंटर ज्या कॉम्प्युटरला जोडला आहे तो होस्ट. बाकीचे त्याच्या मार्फत छापणार. म्हणून होस्ट असा निवडा जो सकाळी सगळ्यांत आधी चालू होतो आणि संध्याकाळी सगळ्यांत शेवटी बंद होतो. लॅपटॉप नको, तो घरी जातो, मीटिंगला जातो, झाकण मिटलं की झोपतो. साहेबांचा कॉम्प्युटरही नको, कारण त्यांच्या केबिनला कुलूप असलं की प्रिंटर अडकला. हिशेबाचा किंवा बिलिंगचा डेस्कटॉप बहुतेक ठिकाणी योग्य ठरतो. त्यावर कोणी लॉगिन केलेलं असायलाच हवं असं नाही. स्क्रीन लॉक असली तरी प्रिंट निघते, कारण छपाईची सेवा मागे चालूच असते. फक्त मशीन झोपता कामा नये. सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर इथे स्लीपची वेळ 'नेव्हर' करा. स्क्रीन बंद झाली तर हरकत नाही.

यूएसबी केबल ५ मीटरपेक्षा लांब घेऊ नका. दोन केबल जोडून वाढवलेल्या लांबीवर प्रिंटर मधूनच गायब होतो आणि दोष ड्रायव्हरच्या माथी जातो.

विजेचंही इथेच सांगून टाकतो. होस्ट आणि राऊटर यूपीएसवर ठेवा, लेसर प्रिंटर मात्र थेट भिंतीतल्या सॉकेटला. आतला फ्युजर (टोनर वितळवून कागदावर बसवणारा भाग) तापताना प्रिंटर क्षणभर इतकी वीज ओढतो की ६०० व्हीएचा यूपीएस, जो जेमतेम ३६० वॉट देतो, किंचाळून बंद पडतो आणि सोबत कॉम्प्युटरलाही घेऊन जातो. वीज गेली की प्रिंटर बंद राहील, पण पाठवलेली कामं होस्टवर रांगेत थांबतील आणि वीज आल्यावर आपोआप निघतील. सगळ्यांना हे एकदा बजावून ठेवा. नाहीतर प्रिंट आली नाही म्हणून प्रत्येक जण पाच वेळा बटण दाबतो आणि वीज आल्यावर एकाच चलनाच्या पाच प्रती बाहेर पडतात.

यूएसबी प्रिंटर थेट नेटवर्कवर आणणारे 'प्रिंट सर्व्हर'चे छोटे डबे बाजारात मिळतात, काही राऊटरनाही यूएसबी खाच असते. १०२० किंवा एलबीपी २९०० साठी ते घ्यायच्या फंदात पडू नका. हे प्रिंटर पानाची आखणी स्वतः करत नाहीत, ते काम कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर करतो. १०२० ला तर चालू झाल्यावर दर वेळी फर्मवेअरही (प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्रॅम) कॉम्प्युटरकडूनच घ्यावं लागतं. मधल्या डब्याला हे बहुधा जमत नाही.

होस्टवरची तयारी

१. कॉम्प्युटरचं नाव बदला. विंडोजने दिलेलं लांबलचक नाव कोणाच्या लक्षात राहत नाही. सिस्टिम, अबाउट, 'रिनेम धिस पीसी'. 'हिशेब१' असं छोटं नाव द्या. १५ अक्षरांच्या आत, मध्ये जागा न सोडता. मग रीस्टार्ट.

२. नेटवर्क 'प्रायव्हेट' करा. नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये आपल्या वायफायच्या किंवा इथरनेटच्या प्रॉपर्टीज उघडून बघा. नवीन नेटवर्कला विंडोज सहसा 'पब्लिक' धरतं आणि तसं असेल तर फायरवॉल सगळं अडवतं. शेअरिंग न चालण्याचं हे सर्वात साधं कारण. प्रत्येक कॉम्प्युटरवर तपासा, नुसतं होस्टवर नाही.

३. अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, मग अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज. प्रायव्हेटखाली 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू करा.

४. छपाईपुरतं एक वेगळं खातं उघडा. अकाउंट्स, अदर युजर्स, अ‍ॅड अकाउंट. ईमेल विचारल्यावर 'या व्यक्तीची माहिती माझ्याकडे नाही' या अर्थाची ओळ निवडा, पुढे 'मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर' निवडा. नाव 'छपाई', पासवर्ड काहीतरी ठोस. खातं स्टँडर्डच राहू द्या, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नको.

५. प्रिंटर्स अँड स्कॅनर्समधून प्रिंटर उघडा, प्रिंटर प्रॉपर्टीज, शेअरिंग. 'शेअर धिस प्रिंटर'वर खूण करा, शेअरचं नाव 'लेसर' ठेवा. 'रेंडर प्रिंट जॉब्ज ऑन क्लायंट कॉम्प्युटर्स' ही खूण असू द्या. पान तयार करण्याचा भार पाठवणाऱ्यावर पडतो आणि होस्टवर बिलं करणाऱ्याचा कॉम्प्युटर अडखळत नाही.

६. त्याच खिडकीत अ‍ॅडव्हान्स्ड टॅबखाली 'प्रिंटिंग डिफॉल्ट्स' उघडून कागद ए४ करा. शेजारच्या 'प्रेफरन्सेस'मध्ये केलेला बदल फक्त त्या लॉगिनपुरता असतो. बाकीच्यांना जोडताना मिळतात ती 'डिफॉल्ट्स'. हे राहिलं की कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर 'लेटर' आकार येतो आणि प्रिंटर कागद हातात असूनही कागद मागत थांबतो.

चौथ्या पायरीला बगल द्यायचा मोह सगळ्यांना होतो: 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करून टाकायचं, म्हणजे कोणीही विनापासवर्ड येईल. जुन्या विंडोजवर हे खपून जायचं. आता विंडोज ११ प्रोची २४एच२ आवृत्ती बिनपासवर्डाचं पाहुणं लॉगिन मुळातच नाकारते. त्यामुळे ज्या ऑफिसात ही युक्ती होती तिथे अपडेट आल्यावर प्रिंटर 'अचानक' बंद पडला. वेगळं खातं केलं की हा प्रश्न उरत नाही.

बाकीच्या कॉम्प्युटरवर

आधी प्रिंटरचा ड्रायव्हर टाका, होस्टवर आहे तोच आणि जमेल तितकी तीच आवृत्ती. पूर्वी ड्रायव्हर होस्टकडून आपोआप यायचा. २०२१ च्या जून-जुलैत 'प्रिंटनाइटमेअर' नावाची मोठी त्रुटी सापडल्यावर मायक्रोसॉफ्टने तो रस्ता आवळला आणि त्या ऑगस्टपासून अशा ड्रायव्हरसाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागतो. आधीच टाकून ठेवलेला बरा. सेटअपने प्रिंटरची यूएसबी केबल जोडायला सांगितलं तर ती पायरी सोडा किंवा लॅपटॉप असेल तर एकदा खरंच जोडून घ्या.

मग कंट्रोल पॅनलमध्ये 'क्रेडेन्शियल मॅनेजर' (युजरनेम-पासवर्ड साठवायची जागा) उघडा, विंडोज क्रेडेन्शियल्स, नवीन जोडा. पत्त्यात हिशेब१, युजरनेममध्ये हिशेब१\छपाई, खाली त्या खात्याचा पासवर्ड. पासवर्डच, चार आकडी पिन नाही. पिन फक्त त्या एका मशीनसमोर बसून लॉगिन करण्यापुरता असतो, नेटवर्कवर तो चालत नाही. 'पासवर्ड बरोबर टाकतोय तरी घेत नाही' या तक्रारींचं मूळ बहुधा इथे सापडतं.

आता विंडोजचं बटण दाबून धरून आर दाबा आणि उघडलेल्या चौकटीत \\हिशेब१ टाइप करून एंटर. 'लेसर' नावाचा प्रिंटर दिसला पाहिजे. त्यावर राइट क्लिक करून 'कनेक्ट', आणि मग टेस्ट पेज.

शेवटी प्रिंटर्स अँड स्कॅनर्सच्या पानावर 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' बंद करा आणि 'लेसर' डिफॉल्ट ठेवा. ते चालू राहिलं तर शेवटी वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट होतो. कोणी एकदा पीडीएफ बनवली की पुढचं बिल कागदावर न येता फाइल सेव्ह करायची चौकट उघडते.

अडलं तर कुठे बघायचं

\\हिशेब१ हीच चौकट तपासणीचंही उत्तम साधन आहे. ती काय उत्तर देते त्यावरून बिघाड कुठे आहे ते कळतं.

नेटवर्क पाथ सापडत नाही असं म्हणाली, तर नावाऐवजी होस्टचा आयपी टाकून बघा. होस्टवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग चालवलं की तो मिळतो. आयपीने उघडतं पण नावाने नाही, तर बहुधा नेटवर्क डिस्कव्हरी कुठेतरी बंद आहे. तेवढ्यापुरतं आयपीने काम भागवायचं असेल तर राऊटरमध्ये होस्टचाही पत्ता पक्का करा आणि क्रेडेन्शियल आयपीच्या नावाने पुन्हा जोडा, कारण विंडोज नाव आणि आयपी या दोन वेगळ्या जागा समजतं. आयपीनेही उघडत नसेल तर पब्लिक-प्रायव्हेट पुन्हा बघा, मग अँटिव्हायरस. त्यातल्या अनेकांची स्वतःची फायरवॉल असते आणि तिला विंडोजची सेटिंग्ज कळत नाहीत. तिथेही हे नेटवर्क विश्वासाचं आहे असं सांगावं लागतं.

आणखी एक कारण दोन खोल्यांच्या ऑफिसात हमखास असतं. आतल्या खोलीत वायफाय पोचत नाही म्हणून कोणीतरी जुना राऊटर आणून बसवलेला असतो. इंटरनेट मिळतं, सगळे खूश. पण आयपीकॉन्फिग चालवलं की बाहेरचा कॉम्प्युटर १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता दाखवतो आणि आतला १९२.१६८.० ने. दुसऱ्या राऊटरने स्वतःचं वेगळं नेटवर्क मांडलं आहे. आतल्यांचा प्रिंटर बाहेरच्यांना कधीच दिसणार नाही. त्याला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तो दुसरा राऊटर फक्त वायफाय पुढे नेईल. तो मोड नसेल तर त्याचा पत्ता पहिल्या राऊटरच्या मालिकेतला पण वेगळा करा, त्यातलं डीएचसीपी बंद करा आणि पहिल्याकडून आलेली केबल वॅनऐवजी (इंटरनेटच्या खाचेऐवजी) लॅनच्या खाचेत लावा.

प्रिंटर दिसतो पण 'कनेक्ट' करताना ११बी किंवा ७०९ ने संपणारा एरर येतो, ही वेगळी जात. २०२१ च्या सप्टेंबरपासूनच्या अपडेटांनी छपाईच्या संवादावर जादा सुरक्षा लादली आणि दोन कॉम्प्युटरचे अपडेट मागेपुढे असले की त्यांचं जमत नाही. दोन्हीकडे सगळे अपडेट घ्या, दोन्ही रीस्टार्ट करा. बऱ्याचदा एवढ्याने सुटतं. नाही सुटलं तर इंटरनेटवर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) बदल करून ती सुरक्षाच बंद करायचा उपाय जागोजागी सापडेल. तो करू नका, दुसरा सोपा रस्ता आहे. अ‍ॅड मॅन्युअलीमधून 'लोकल प्रिंटर विथ मॅन्युअल सेटिंग्ज' निवडा, 'क्रिएट अ न्यू पोर्ट', प्रकार 'लोकल पोर्ट', आणि पोर्टचं नाव \\हिशेब१\लेसर. पुढे यादीतून ड्रायव्हर निवडा. विंडोजला वाटतं की प्रिंटर आपलाच आहे, आणि पान मात्र शेअरवर जाऊन पडतं. तोटा एवढाच की कागद संपला, कागद अडकला हे निरोप या कॉम्प्युटरवर येत नाहीत. क्रेडेन्शियल आधी जोडलेलं असावं, नाहीतर 'अ‍ॅक्सेस डिनाइड' येतं.

सगळं नीट चालत असताना एखादी खराब पीडीएफ रांगेत अडकते आणि तिच्यामागे सगळ्यांची कामं. डिलीट केली तरी 'डिलीटिंग' म्हणत बसते. होस्टवर सर्व्हिसेस उघडा, 'प्रिंट स्पूलर' (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) थांबवा, सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइल पुसा (फोल्डर नाही) आणि स्पूलर पुन्हा चालू करा. रांगेतली सगळ्यांचीच कामं जातात, तेव्हा आधी हाक मारून सांगा.

स्टॅम्प पेपरवर छापताना

वकील, नोटरी, एजंट यांच्या ऑफिसात शेअर प्रिंटरचा खरा धोका हा आहे. १०२० सारख्या प्रिंटरला ट्रेच्या वर एका कागदाची खाच असते आणि तिथे कागद दिसला की प्रिंटर आधी तोच ओढतो. तुम्ही तिथे स्टॅम्प पेपर सरकवून खुर्चीकडे वळता, तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून कोणी रेल्वेचं तिकीट छापायला पाठवतं आणि ते तुमच्या स्टॅम्पवर उमटतं. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात जिथे शंभर-दोनशेचा स्टॅम्प चालायचा तिथे पाचशेचा लागतो, म्हणजे चूकही पाचशेची. म्हणून स्टॅम्पवरचं काम होस्टवरूनच करा. रांग रिकामी आहे ना ते बघा, होस्टची लॅन केबल काढा (वायफाय असेल तर एअरप्लेन मोड), साध्या कागदावर एक प्रत काढून समास तपासा, मग स्टॅम्प घाला. बाकीच्यांची कामं त्यांच्या त्यांच्या कॉम्प्युटरवर थांबून राहतील आणि केबल परत लावल्यावर निघतील.

स्कॅनर आणि मोबाइल

एम१००५ किंवा एल३११० सारखं ऑल-इन-वन मशीन असलं तरी विंडोजच्या शेअरिंगमधून फक्त छपाई जाते, स्कॅनर जात नाही. स्कॅन होस्टवर बसूनच करायचं. होस्टवर 'स्कॅन' नावाचं फोल्डर 'छपाई' खात्याला शेअर करून द्या, म्हणजे पेनड्राइव्ह फिरवत बसावं लागणार नाही. मोबाइलवरून छापायचं असेल तर होस्टच्या शेअरिंगचा उपयोग नाही, वायफायवाला प्रिंटरच हवा. आणि स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे नवे विंडोज लॅपटॉप घेण्याआधी तुमच्या प्रिंटरचा एआरएम (त्या जातीच्या प्रोसेसरसाठीचा) ड्रायव्हर आहे का ते कंपनीच्या साइटवर बघा. जुन्या लेसर प्रिंटरना तो बहुतेक वेळा नसतो.